पदरचे पैसे घालून छापलेली कादंबरी

"स्वतःच्या पैशाने छापलंय ना? मग काय!" गावात कुणी उतारवयात पहिली कादंबरी काढली की टपरीवर हे वाक्य ठरलेलं. म्हणून आज थोडा इतिहास.

१९१३, पॅरिस. मार्सेल प्रूस्त, वय ४२. 'ल फिगारो' दैनिकात लेख लिहायचे. कादंबरीचा पहिला खंड घेऊन ते प्रकाशकांकडे गेले. एकामागून एक नकार. नाकारणाऱ्यांत आंद्रे जीद यांच्यासारखे जाणकारही होते. शेवटी बर्नार ग्रासे यांनी छापला, पण खर्च प्रूस्त यांचा. पुढे जीद यांनी पत्र लिहून चूक कबूल केली. १९१९ मध्ये दुसऱ्या खंडाला गोंकूर पुरस्कार मिळाला. तो खंड काढला होता आधी नकार देणाऱ्या प्रकाशनानेच!

आता दुसरी बाजू. प्रूस्त यांच्याकडे वारशाचा पैसा होता. आपल्याकडे पीएफ मोडून पुस्तक निघतं. तेव्हा लिहिणाऱ्यांनो, कर्ज काढू नका, थोड्याच प्रती छापा. आणि मित्रांनो, पैसे लेखकाचे म्हणून पुस्तक टाकाऊ, असं म्हणण्याआधी दहा पानं तरी वाचा.

माझंही बाड कपाटात पडून आहे. म्हणून ते टपरीवरचं वाक्य जरा जास्तच लागतं.