आराखडा आणि वाकस : 'सुहेली'च्या निमित्ताने

गोरेगावात राहणाऱ्या माणसाला समुद्र जवळ असल्याची आठवण सहसा नकाशा पाहूनच होते. आरेच्या टेकड्यांत उगम पावणारी ओशिवरा नदी गोरेगाव आणि जोगेश्वरी यांच्या सीमेवरून वाहत मालाडच्या खाडीला मिळते, हेही आपल्याला बहुधा पावसाळ्यात, पाणी रस्त्यावर आल्यावर कळते. खाडीपलीकडे मढ आहे. वर्सोव्याहून फेरीबोटीने तेथे काही मिनिटांत पोहोचता येते. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत तेथे गेलो असता किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी चाललेली आम्ही पाहिली. एका होडीची कुजलेली फळी काढून नवी बसवली जात होती. नवी फळी जुन्या फासळ्यांच्या बाकाशी जुळवून पाहायची, उतरवायची, तासायची आणि पुन्हा लावून पाहायची, असा क्रम दोन तास चालू होता. या अवधीत कागदाचा एक कपटाही आमच्या दृष्टीस पडला नाही.

आम्ही मंडळी साहित्याच्या अभ्यासातली. आमची सारी भिस्त कागदावर. संहिता आधी आणि तिचे वाचन, प्रयोग, भाषांतर नंतर, या क्रमाची आम्हांला इतकी सवय आहे की संहितेवाचून उभी राहणारी वस्तू पाहिली की आम्ही भारावून जातो आणि लगेच 'अक्षरशत्रू कारागिराची उपजत प्रतिभा' वगैरे शब्द सुचू लागतात. या मोहापासून वाचायचे तर मुंबईत घडलेल्या एका छोट्या बोटीची हकीकत पाहावी असे आम्हांस वाटते. तिच्या बाबतीत कागद आला होता तो परदेशातून, आणि तो वाचला गेला तो वाकसाने.

त्या बोटीचे नाव 'सुहेली'. जगातील नौकानयनाच्या इतिहासात हे नाव ठळक आहे. कुठेही न थांबता, एकट्याने, शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याच बोटीतून गेला. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतला. एका इंग्रजी वृत्तपत्राने पुरस्कृत केलेल्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत नऊ जण उतरले होते. प्रदक्षिणा पुरी करून परतला तो हा एकटा. ही बोट मुंबईची, ही गोष्ट मात्र मुंबईकरांच्या बोलण्यात क्वचितच येते.

नॉक्स-जॉन्स्टन त्या काळी ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीत अधिकारी होता आणि मुंबई व पर्शियन आखात यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या जहाजांवर काम करीत असे. स्वतःची बोट बांधून तिच्यातूनच मायदेशी जावे असा त्याचा आणि काही सहकाऱ्यांचा बेत ठरला. इंग्लंडहून टपालाने आराखडे मागवण्यात आले. हाती आलेली आकृती त्यांच्या मनातल्या नव्या वळणाच्या, वेगवान बोटीची नव्हती. ती जुन्या घाटाची, रुंद अंगाची आणि सावकाश चालीची होती, पण समुद्राला पुरून उरेल अशी दिसत होती. ती त्यांनी पत्करली.

या आकृतीची वंशावळ पाहण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नॉर्वेत कॉलिन आर्चर याने वादळात सापडलेल्या कोळ्यांच्या सुटकेसाठी दोन्ही टोकांना निमुळत्या, भक्कम शिडाच्या बोटी रचल्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील विल्यम अॅटकिन याने तो घाट ३२ फुटांत आणून हौशी नाविकांसाठी आराखडा काढला. त्याचे नाव 'एरिक'. म्हणजे नॉर्वेच्या कोळ्यांसाठी सुचलेला आकार अमेरिकेत आखला गेला, इंग्लंडमार्गे मुंबईत आला आणि येथे त्याला सागवान मिळाले. कुलाबा वर्कशॉपमध्ये १९६३ साली काम सुरू झाले आणि १९ डिसेंबर १९६४ रोजी बोट पाण्यात उतरली.

आराखडा वाचणे म्हणजे काय, याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. नौकेच्या आराखड्यात मुख्यतः तीन दृश्ये असतात : बाजूने, वरून आणि समोरून घेतलेल्या आडव्या छेदांचे. सोबत मापांचे एक कोष्टक असते, त्यात ठरावीक अंतरांवर अंगाची रुंदी आणि उंची किती हे आकड्यांत दिलेले असते. हे सारे कागदावर लहान प्रमाणात असते. बांधणाऱ्याने ते जमिनीवर किंवा लाकडी तळावर पूर्ण आकारात पुन्हा काढावे लागते. मग गंमत सुरू होते. कागदावर केसाएवढी चूक असेल तर जमिनीवर ती बोटभर होते आणि एका छेदातून दुसऱ्या छेदात जाणारी रेषा मध्येच उसळी मारते. लवचीक पट्टी खिळ्यांमधून वाकवून, डोळा जमिनीशी नेऊन, ती रेषा 'गोड' होईपर्यंत हलवत राहायची. कोष्टक एक म्हणते आणि पट्टी दुसरे म्हणते, तेव्हा जाणता कारागीर पट्टीचे ऐकतो. संहितेतील अपपाठ शोधणाऱ्या संपादकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

आणि इतके करूनही आराखडा गप्प बसलेल्या जागा पुष्कळ उरतात. कोणत्या ओंडक्याचा कोणता नैसर्गिक बाक कोणत्या फासळीला लावायचा, लाकडाची रेघ कुठल्या दिशेने ठेवायची, फळी किती तासली म्हणजे शेजारच्या फळीला कवटाळून बसेल आणि तरीही फटीत कापूस ठोकायला जागा राहील, हे कोणताही रचनाकार लिहून ठेवत नाही. मुंबईच्या मिस्त्रींनी हे प्रश्न सोडवले ते वाकस, हातकरवत आणि दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी. त्याच सुमारास युरोपात लहान बोटी चिकटवलेल्या प्लायवुडच्या आणि काचतंतूच्या होऊ लागल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे 'सुहेली' जन्मतःच किती जुनी होती ते कळेल.

तरीही मुंबईच्या सुताराने परक्याचा आराखडा वाचणे ही १९६३ सालची नवलाई नव्हती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, तेव्हापासून पुढे दीड शतकाच्या आसपास हे पारशी घराणे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधीत होते. १८१२ साली ब्रिटिश आरमाराने एका युद्धनौकेचे आराखडे 'जावा' या जहाजाबरोबर मुंबईस रवाना केले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन नौकेशी झालेल्या लढाईत 'जावा' नष्ट झाली आणि आराखड्यांनाही जलसमाधी मिळाली. प्रती पुन्हा काढून धाडाव्या लागल्या. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची ती नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिचे नाव 'ट्रिंकोमाली'. पारशी रिवाजानुसार तिच्या कण्यात रुप्याचा खिळा ठोकला होता. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे आणि अजून पाण्यावर तरंगते.

म्हणून कागदावाचून घडवणारा देशी हात आणि कागद काढणारी विलायती बुद्धी अशी सोयीची वाटणी आम्हांस मान्य नाही. मुंबईत दोन्ही परंपरा शेजारी नांदत होत्या आणि एकाच मिस्त्रीच्या अंगात त्या एकत्रही येत असाव्यात. त्याचप्रमाणे 'सुहेली'च्या सुतारांना मराठी ठरवण्याची घाईही आम्ही करणार नाही. मुंबईची गोदी कधीच एका भाषेची नव्हती.

मग आपल्या भाषेने या कामाची दखल कशी घेतली? संस्कृतात भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'त नौकांचे प्रकार, त्यांची मापे, लाकडाच्या जाती सारे काही आहे. मात्र तेथे वर्गीकरणाची हौस इतकी आहे की त्या मापांनी कोणी खरोखर नौका बांधली असेल का, अशी शंका वाचताना येत राहते. मराठीत १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेले 'आज्ञापत्र' हा त्यापेक्षा कितीतरी जमिनीवरचा, किंबहुना पाण्यावरचा, ग्रंथ आहे. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लाकूडतोडीविषयी जी समज दिसते ती आजही थक्क करते. आरमारासाठी सागवान वगैरे तोडायचे ते परवानगीने. आंबा आणि फणस यांना हात लावायचा नाही, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यायचे. झाड लावणाऱ्याचे दुःख जाणणारी ही लेखणी आहे. ते झाड कापल्यावर त्याची फासळी करणारा सुतार मात्र तिच्या नजरेच्या टोकावरच राहतो. राज्यकर्त्याचा ग्रंथ म्हणून ते क्षम्य मानले, तरी नंतरच्या आपल्या साहित्यात तो फारसा मध्यभागी आला असे आम्हांस दिसत नाही. कोळी आहे, तांडेल आहे, वादळ तर हवे तितके आहे.

'सुहेली'कडे परत येऊ. १९६५ च्या अखेरीस ती मुंबईहून निघाली आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेस जाऊन, पैसे संपल्यामुळे मध्ये थांबून, केप टाउनहून पुढे १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचली. तिच्या नावाचा अर्थ नॉक्स-जॉन्स्टन असा देतो की पर्शियन आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला 'सुहेली' म्हणतात. 'सुहैल' हे अरबीत एका ताऱ्याचेही नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. अगस्त्योदयाने गढूळ पाणी निवळते हा संस्कृत कवींचा जुना संकेत, आणि अगस्त्याने समुद्र प्राशन केल्याची कथा तर पोरासोरांना ठाऊक. बोटीचे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात यांतले काही नव्हते. पण मुंबईच्या बोटीला हे नाव शोभले खरे.

१९६८ च्या प्रदक्षिणेत, निघून थोडे आठवडे होतात तोच, केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेस बोटीत पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला तेव्हा त्याला कण्यालगतच्या सांध्यात सुमारे आठ फूट लांबीची फट आढळली. श्वास रोखून, बुडी मारून, हातोडीने फटीत कापूस ठोकण्याचा त्याने प्रयत्न केला, पण दर वेळी वर येईपर्यंत कापूस निसटे. अखेर कॅनव्हासच्या पट्टीला कापूस शिवून, त्याला डांबर लावून, ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालावी लागली. सांधा उघडला ही बांधणाऱ्यांची चूक होती, असे कोणी म्हणू शकेल. लाकडी बोटीचा सांधा हा कायमचा मिटलेला कधीच नसतो, तो पुनःपुन्हा भरायचा असतो, असे आमचे उत्तर आहे. महत्त्वाचे हे की तो भरता आला. मढच्या किनाऱ्यावर मिस्त्री जे करताना आम्ही पाहिले तेच त्याने एकट्याने, समुद्राखाली केले. हाताने जोडलेली वस्तू हाताने दुरुस्त झाली.

या प्रवासावरील त्याच्या पुस्तकाचे नाव 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन'. शीर्षक यथार्थ आहे, कारण दहा महिने त्या बोटीपलीकडे त्याला जग नव्हतेच. पण त्या जगाच्या भिंती इतरांनी उभ्या केल्या होत्या. 'सुहेली'विषयी जे सर्वत्र लिहिले जाते त्यात आर्चर येतो, अॅटकिन येतो, नॉक्स-जॉन्स्टन येतो आणि त्यानंतर 'भारतीय सुतार' असे एक अनेकवचन येते.

पुढच्या एका प्रकरणात हे थोडे बदलले. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर भारतीय नाविकाने भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहून, समुद्रापासून इतक्या दूर, एखाद्याने हा विचार करावा याचे आम्हांस फार कौतुक वाटते. नेदरलँड्समधील व्हान डी स्टाड यांच्या आराखड्यावरून गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' बांधली. ५६ फुटांची, लाकडाचा गाभा आणि वर काचतंतूचे थर असलेली ही बोट २००९ साली नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून २००९-१० मध्ये चार थांबे घेत प्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता. दोंदे यांनी तयारीच्या काळात उमेदवारी केली होती ती नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच. या वेळी बांधणाऱ्याचे नाव निदान नाविकाच्या नावाशेजारी छापले गेले. त्याच दांडेकरांच्या कारखान्यात २०१७ मध्ये 'सुहेली'ची प्रतिकृती 'तुरिया' तयार झाली, म्हणजे 'एरिक'चा आराखडा पन्नास वर्षांनी पुन्हा या किनाऱ्यावर वाचला गेला. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीला जबर इजा झाली आणि त्यांची सुटका झाली तरी बोट मागे सोडावी लागली.

या साऱ्यात आम्हांला एक वैयक्तिक अडचण आली, ती सांगतो. हा लेख लिहिताना हत्यारांची नावे हवी होती. 'वाकस' आणि 'सामता' हे शब्द आमच्या पिढीच्या बोलण्यातून गेले आहेत. असे शब्द शोधायला १८३१ साली प्रथम निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाकडेच वळावे लागते. एका इंग्रजाने, शास्त्री मंडळींना हाताशी धरून, हे शब्द टिपून ठेवले. शब्दाचा हा प्रवास आराखड्याच्या प्रवासाच्या नेमका उलट झाला : वस्तू येथली आणि नोंद परक्याची. मढला पुढच्या खेपेस गेलो तर फळीच्या, सांध्याच्या, बाकाच्या प्रत्येक भागाला तेथे काय म्हणतात ते विचारून लिहून घ्यायचे असे आमच्यात ठरले आहे. लहान होड्यांत लाकडाची जागा फायबर घेत असल्याने याला उशीर करून चालणार नाही.

'सुहेली' काही वर्षे लंडनमध्ये ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवलेली होती. तेथील नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या आणि सांधे उघडू लागले, म्हणून २००२ साली तिला बाहेर काढण्यात आले. लोखंडी खिळे आणि बोल्ट बदलण्याचे काम बरीच वर्षे चालले. २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात गेली.