एरिक क्लॅप्टन यांची आत्मपर गीते

एरिक पॅट्रिक क्लॅप्टन (जन्म: ३० मार्च १९४५, रिप्ली, सरे, इंग्लंड) हे इंग्लिश रॉक व ब्लूज गिटारवादक, गायक आणि गीतकार आहेत. व्यसनाधीनता, पित्याचा अभाव, पुत्रवियोग आणि व्यसनमुक्ती हे त्यांच्या आत्मपर गीतांचे प्रमुख विषय होत. 'होली मदर', 'टिअर्स इन हेवन', 'सर्कस' आणि 'माय फादर्स आइज' ही या वर्गातील महत्त्वाची गीते मानली जातात.

कौटुंबिक पार्श्वभूमी

क्लॅप्टन यांचे वडील एडवर्ड फ्रायर हे कॅनडाचे सैनिक होते. पुत्रजन्मापूर्वीच ते दूर गेले आणि पितापुत्रांची भेट कधीही झाली नाही. क्लॅप्टन यांचा सांभाळ आजीने व तिच्या दुसऱ्या पतीने केला. हेच आपले आईवडील आणि पॅट्रिशिया ही थोरली बहीण, असा त्यांचा समज होता. ती बहीण नसून जन्मदात्री आई असल्याचे त्यांना वयाच्या नवव्या वर्षी कळले.

व्यसनाचा काळ

१९७० नंतर क्लॅप्टन हेरॉइनच्या आहारी गेले व बहुतांशी घरातच राहू लागले. त्यांना पुन्हा रंगमंचावर आणण्यासाठी पीट टाउनशेंड यांनी जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये मैफल घडवून आणली. १९७४ मध्ये हेरॉइन सुटले; मात्र त्याची जागा मद्याने घेतली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या हेझल्डन केंद्रात त्यांनी १९८२ मध्ये उपचार घेतले, परंतु काही काळाने ते पुन्हा पिऊ लागले. 'ऑगस्ट' (१९८६) या अल्बममधील 'होली मदर' हे स्टीफन बिशप यांच्यासह लिहिलेले गीत याच काळातील असून त्याचे स्वरूप आर्त प्रार्थनेचे आहे.

ऑगस्ट १९८६ मध्ये पुत्र कॉनर याचा जन्म झाला. आपल्याला बाप लाभला नाही, तशी वेळ मुलावर येऊ नये, या जाणिवेने १९८७ मध्ये ते पुन्हा हेझल्डनमध्ये दाखल झाले. तेव्हापासून ते मद्यापासून दूर आहेत.

पुत्रवियोग आणि गीते

२० मार्च १९९१ रोजी न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या ५३ व्या मजल्यावरून पडून चार वर्षांच्या कॉनरचा मृत्यू झाला. ज्याच्यासाठी मद्य सोडले, तोच गेला. तरीही क्लॅप्टन मद्याकडे वळले नाहीत. शोकाला त्यांनी गीतांतून वाट करून दिली.

'टिअर्स इन हेवन' हे गीत त्यांनी विल जेनिंग्स यांच्यासह 'रश' (१९९१) या चित्रपटासाठी लिहिले. अमली पदार्थांच्या तस्करीचा तपास करताना स्वतःच व्यसनाधीन होणाऱ्या पोलिसांची कथा या चित्रपटात आहे. १९९३ मध्ये या गीताला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. 'सर्कस' या गीतामागे मृत्यूच्या आदल्या दिवशी मुलाबरोबर पाहिलेल्या सर्कशीची आठवण आहे. 'माय फादर्स आइज' मध्ये न पाहिलेला पिता आणि गमावलेला पुत्र यांचे दुःख एकवटले आहे. मुलाच्या डोळ्यांत पाहताना आपण आपल्या वडिलांच्या डोळ्यांच्या सर्वांत जवळ गेलो, अशी या गीतामागची त्यांची भावना होती. ही दोन्ही गीते 'पिल्ग्रिम' (१९९८) या अल्बममध्ये आहेत.

'कोकेन' विषयीचा गैरसमज

'स्लोहँड' (१९७७) या अल्बममुळे गाजलेले 'कोकेन' हे गीत मुळात जे. जे. केल यांचे आहे. ते अमली पदार्थाचे गुणगान असल्याचा समज रूढ आहे. क्लॅप्टन मात्र ते व्यसनविरोधी मानतात. व्यसनमुक्तीनंतर त्यांनी बरीच वर्षे ते गायले नाही. पुढे गाताना कोकेनला दूषण देणारा शब्द जोडून त्यांनी त्याचा रोख स्पष्ट केला.

क्रॉसरोड्स केंद्र

१९९८ मध्ये क्लॅप्टन यांनी कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर 'क्रॉसरोड्स' हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. त्याच्या साहाय्यार्थ १९९९ मध्ये त्यांच्या १०० गिटारींचा लिलाव होऊन सुमारे ५० लाख डॉलर जमा झाले. २००४ च्या लिलावात 'ब्लॅकी' ही त्यांची आवडती गिटार ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. त्याच वर्षापासून केंद्राच्या मदतीसाठी 'क्रॉसरोड्स गिटार महोत्सव' भरू लागला.