कुलाब्याच्या वहीतला दीड तास

१ सप्टेंबर १८५९, दुपारी ४ वाजून ९ मिनिटे. (वेळा मुंबईच्या तेव्हाच्या घड्याळाच्या.) इंग्लंडात रेडहिलला खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन डाग रेखाटतोय. एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटतात. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तो धावत जातो. मिनिटभरात परततो, तोवर ते विझत आलेले.

रात्र. मुंबई झोपलेली. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट पंधरा कोटी किलोमीटर अंतर कापतोय. एरवी दोन-तीन दिवस लागतात, हा साडेसतरा तासांत येणार.

२ सप्टेंबर, सकाळी पावणेदहाच्या सुमारास. लोट पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो. ध्रुवांकडे चुंबकीय बलरेषा थेट जमिनीकडे उतरतात. त्या वाटेने कण आयनांबरात घुसतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर लाखो अँपिअरचे प्रवाह वाहू लागतात. खालची चुंबकं हेलपाटतात. ग्रिनिच आणि क्यूच्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप उमटणारी रेघ कागदाबाहेर जाते. नेमका कळसाचा भाग तिथे उरतच नाही.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत असं यंत्र नाही. टांगलेल्या चुंबकाची हालचाल दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायची आणि वहीत आकडा लिहायचा. एरवी तासातासाला, गडबड दिसली की दर काही मिनिटांनी. निरीक्षक जागेवरून हलत नाही.

अकराच्या सुमारास. क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली. मुंबईसारख्या उष्ण कटिबंधातल्या गावात हा आकडा अचाट आहे. तो पृथ्वीभोवतीच्या दूरच्या वलयप्रवाहाचा, की ध्रुवांकडचा आयनांबरातला प्रवाह दक्षिणेकडे सरकल्याचा, यावर अभ्यासक आजही भांडतात. या चुंबकीय वादळात ध्रुवीय प्रकाश क्युबापर्यंत दिसला होता.

संध्याकाळी सातच्या पुढे. बॉस्टन आणि पोर्टलंडचे तारमास्तर बॅटऱ्या काढून टाकतात आणि वादळाने तारेत निर्माण झालेल्या विजेवर सुमारे दोन तास निरोप पाठवतात.

जालन्यात हे लिहीत असताना शेजारच्या मोसंबीच्या बागेतली विजेची मोटार सुरू आहे. १८५९ मध्ये विजेचं जाळं कुठेच नव्हतं. १३ मार्च १९८९ ला होतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये पहाटे पावणेतीनला तशीच वीज जमिनीतून उच्चदाबाच्या वाहिन्यांत शिरली आणि दीड मिनिटात सगळं जाळं बसलं. साठ लाख माणसं नऊ तास अंधारात होती. ते वादळ कुलाब्याच्या वादळापेक्षा बरंच लहान होतं.

कुलाब्याची ती वही २००३ मध्ये अभ्यासक त्सुरुतानी, लखिना आणि सहकाऱ्यांनी पुन्हा उघडून जगापुढे मांडली. चुंबकं मात्र तोवर हलली होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ च्या सुमारास अलिबागला नेलं. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात बांधली, कारण त्यात चुंबकत्व नसतं.