शाळेच्या अर्जातला ‘धर्म’

ईदनंतरच्या एका रविवारी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्याची मुलगी सप्टेंबरपासून किंडरगार्टनला जाणार आहे. आजवर ती घरीच होती, बालवाडीत गेलीच नव्हती. शाळेने लसींची नोंद मागितली तेव्हा गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस तिला दिलेलीच नाही, हे कागदावर आले. ओळखीच्या एका बाईने सूनबाईला सांगितले की, टोचून घ्यायचे नसेल तर एक साधे पत्र द्या. आमच्या धर्माच्या विरुद्ध आहे, एवढे लिहा. शाळा पुढे काही विचारत नाही. भाच्याने मला विचारले, “मामू, अपने में टीका मना है क्या?”

मना नाही, हे मी लगेच सांगितले. पण फोन ठेवल्यावर ते पत्र डोक्यातून जाईना. बाईने सांगितले ते खोटे नव्हते. न्यू जर्सीत आजही धार्मिक कारणावरून लसीतून सूट मिळते. केवळ नैतिक किंवा तात्त्विक आक्षेप चालत नाही, धर्मच लागतो. आणि २००८ साली राज्याच्या आरोग्य खात्याने शाळांना कळवले होते की, पत्रात ‘धर्म’ किंवा ‘धार्मिक’ असा शब्द आला तर ते स्वीकारा. पालकाची श्रद्धा खरी की खोटी, हे विचारत बसू नका. म्हणजे दार उघडायला एक शब्द पुरे. आपला दीन त्या शब्दात बसवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हा शब्द कायद्यात आला कुठून, याचा शोध घेत मी पुढचे काही आठवडे वाचत होतो. त्यातले काही इथे मांडतो.

अमेरिकेत शाळा आणि लस यांचे नाते जुने आहे. शाळेत येणाऱ्या मुलाला देवीची लस टोचलेली असलीच पाहिजे, असा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८५५ साली केला. याच राज्यातल्या बोस्टनमध्ये १७२१च्या देवीच्या साथीत कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने टोचणीचा आग्रह धरला होता. ही युक्ती त्याला कळली होती ती त्याच्या घरच्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाकडून. तुर्कस्तानातही टोचणीची चाल होती आणि लेडी मेरी माँटेग्यू हिने ती तिथे पाहून इंग्लंडला नेली. ‘टीका म्हणजे गोऱ्यांचे कारस्थान’ असे आपल्यात म्हणणारे भेटतात, त्यांना मी हे नेहमी सांगतो.

मॅसॅच्युसेट्सनेच पुढचा मोठा खटलाही दिला. १९०२ साली केंब्रिज शहरात देवी आली. प्रौढांनीही लस घ्यावी, नाहीतर पाच डॉलर दंड, असा हुकूम निघाला. हेनिंग जेकबसन या स्वीडनहून आलेल्या पाद्र्याने नकार दिला. लहानपणी लसीने आपल्याला त्रास झाला होता, असे त्याचे म्हणणे होते. १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, साथीच्या काळात राज्य अशी सक्ती करू शकते. यातली गंमत अशी की, माणूस पाद्री होता, पण त्याने धर्म पुढे केला नाही. आपल्या शरीरावर आपला हक्क आहे, एवढेच तो म्हणत होता. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एका मुलीला लस नाही म्हणून शाळेबाहेर ठेवले गेले. तेव्हा शहरात साथ नव्हती, तरी १९२२ साली न्यायालयाने शहराचीच बाजू घेतली. आणि १९४४ साली एका वेगळ्याच खटल्यात, रस्त्यावर धार्मिक मासिके विकणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, न्यायालयाने जाता जाता म्हटले की, धर्मस्वातंत्र्यात मुलाला किंवा समाजाला संसर्गाच्या तोंडी देण्याचे स्वातंत्र्य येत नाही.

मग सूट आली कशी? ती न्यायालयातून नाही, विधिमंडळातून आली. पोलिओची लस १९५५ साली आणि गोवराची १९६३ साली आली, आणि एकेक राज्य शाळेसाठी लसी सक्तीच्या करू लागले. तेव्हा ख्रिश्चन सायन्स या पंथाचे लोक आमदारांकडे जाऊ लागले. आजार प्रार्थनेने बरा होतो, औषधाने नव्हे, ही या पंथाची शिकवण. पंथ लहान, पण शिकलेला आणि वजनदार. न्यूयॉर्कने १९६६ साली पोलिओची लस सक्तीची केली तेव्हा कायद्यात कलम घातले की, ज्यांच्या मान्यताप्राप्त धर्मसंस्थेची शिकवण लसीविरुद्ध आहे, त्या संस्थेच्या खऱ्या सभासदांना सूट. अनेक राज्यांत अशीच वाक्ये आली. थोडक्यात, अमेरिकेतली ही ‘धार्मिक’ सूट इस्लामसाठी नव्हती, यहुद्यांसाठी नव्हती, कॅथलिकांसाठीही नव्हती. ती मुख्यतः एका छोट्या पंथासाठी शिवलेला अंगरखा होती. त्या पंथालाही ती महाग पडली. १९७२ साली कनेक्टिकटमधल्या त्यांच्या एका शाळेत पोलिओ पसरला आणि मुले अपंग झाली. १९८५ साली इलिनॉयमधल्या त्यांच्या प्रिन्सिपिया कॉलेजात गोवराने तीन जीव घेतले.

अंगरखा एकाच्या मापाचा शिवला की दुसरा विचारणारच, माझे काय? इथून कथा दोन वाटांनी जाते.

पहिली वाट मिसिसिपीची. तिथेही सूट होती, पण प्रार्थनेने आजार बरा करण्यावर विसंबणाऱ्या मान्यताप्राप्त पंथांपुरतीच. चर्च ऑफ क्राइस्टच्या एका बापाला आपल्या सहा वर्षांच्या मुलाला टोचायचे नव्हते. पण त्याच्या चर्चची शिकवण तशी नसल्याने तो सुटीत बसेना. तो न्यायालयात गेला. ‘ब्राउन विरुद्ध स्टोन’ या १९७९च्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुद्दा एका अर्थी मान्य केला. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही, हा भेदभाव आहे. पण मग दार मोठे करायचे की बंद करायचे? न्यायालयाने बंद केले. कारण असे की, टोचलेल्या मुलांच्या आईबापांनी सक्ती पाळायची आणि त्यांच्या मुलांनी न टोचलेल्या मुलाशेजारी बसायचे, हाही भेदभावच. बिचारा बाप दार रुंद करायला गेला आणि भिंत बांधून आला. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक असलेले मिसिसिपी पुढे चार दशके बालवाडीच्या लसीकरणात ९९ टक्क्यांच्या आसपास, देशात आघाडीवर राहिले. २०२३ साली एका संघीय न्यायाधीशाच्या आदेशाने तिथे धार्मिक सूट परत आली.

दुसरी वाट न्यूयॉर्कची. १९८७ साली संघीय न्यायालयाने ‘मान्यताप्राप्त संस्थेचे सभासद’ ही अट घटनाबाह्य ठरवली. सरकारने कुठला धर्म मान्य आणि कुठला नाही, हे ठरवायचे नाही. हे बरोबरच आहे. आपल्यासारख्या अल्पसंख्याकांना तर ते जास्तच पटेल. पण मग श्रद्धा प्रामाणिक आहे का, हे तपासणे आले. त्या खटल्यात दोन कुटुंबे होती. एकाची श्रद्धा न्यायाधीशाला खरी वाटली, ते जिंकले. दुसऱ्याने टपालाने सभासद होता येईल अशा एका धर्मसंस्थेचा कागद आणला होता. त्याची श्रद्धा खरी नाही, असे ठरले. पुढची तीस वर्षे न्यूयॉर्कच्या मुख्याध्यापकांनी पालकांना समोर बसवून त्यांचा ईमान तपासला. हे काम कुठल्या काझीलाही नको वाटेल. न्यू जर्सीने ते टाळले आणि शब्द दिसला की मान डोलवायची पद्धत ठेवली. दोन्हींत मला धर्माची शोभा दिसत नाही.

आता मुसलमानांची गोष्ट. मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये सोमाली मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. २००४ साली त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांमध्ये गोवराची लस घेण्याचे प्रमाण ९२ टक्के होते, राज्यातल्या इतरांपेक्षाही चांगले. १० वर्षांत ते ४२ टक्क्यांवर आले. कुणा मौलानाने फतवा दिला नव्हता. झाले असे की, २००८च्या सुमारास आयांच्या लक्षात आले, स्वमग्न मुलांच्या वर्गांत आपली मुले फार दिसतात. त्यांनी कारण विचारले, पण समाधानकारक उत्तर कुणाकडे नव्हते. मग अँड्र्यू वेकफिल्ड तिथे पोहोचला. लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा त्याचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला होता आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याची डॉक्टरकी काढून घेतली गेली होती. तरी आयांना तो ऐकून घेणारा माणूस वाटला. मिनेसोटात सुटीसाठी धर्मही लागत नाही. मनापासूनची धारणा नोटरीपुढे लिहून दिली की झाले. २०१७ साली गोवर आला. ७५ जण आजारी पडले, बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुले. तेव्हा आरोग्य खात्याबरोबर इमाम मशिदींत उभे राहिले आणि टोचून घ्या म्हणून सांगू लागले.

डुकराच्या जिलेटिनचा प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकू नये. गोवराच्या काही लसींत ते असते. पण त्यावर उलेमांनी विचार केलेला आहे. १९९५ साली कुवेतमध्ये वैद्यकशास्त्राच्या इस्लामी संघटनेच्या परिषदेत ठरले की, मूळ पदार्थाचे रूपच पालटले, ज्याला फिकहमध्ये इस्तिहाला म्हणतात, तर जिलेटिन पाक मानावे. सगळ्यांना ते पटलेले नाही. ज्यांना पटले नाही त्यांच्यातलेही बरेच जण जीव वाचवण्याची गरज म्हणून परवानगी देतात.

आणि सरकारवरच्या अविश्वासालाही कारणे आहेत. १८९८च्या मार्चमध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात प्लेगची तपासणी करणारी तुकडी घरात शिरली तेव्हा जुलाह्यांनी दंगा केला; तो अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. बिन लादेनला शोधायला अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने अबोटाबादमध्ये लसीकरणाचे सोंग केले, त्याची किंमत पोलिओच्या सेविकांनी आणि मुलांनी मोजली. पण त्याच प्लेगच्या काळात तिसऱ्या आगाखानांनी हाफकिनची लस लोकांसमोर स्वतः टोचून घेतली होती. हेही आपल्याच इतिहासात आहे.

२०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम निघाली. आमच्या मोहल्ल्यात मोबाइलवर फिरत होते की, या सुईने मुलांना पुढे औलाद होत नाही. आपल्याकडे सक्तीचा कायदा नव्हता आणि सुटीचा अर्जही नव्हता. आईबापांनी त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवलेच नाही. चार वर्षांनी गोवंडीत गोवर आला आणि लहान मुले दगावली. तिथे कुणी ‘धर्म’ असे लिहून दिलेले नव्हते. शिवाय गोवंडीत भीती एकटी नव्हती. दवाखाना लांब, रोजंदारी बुडते, हेही होते.

अमेरिकेत मध्यंतरी वारा उलटा वाहिला. डिस्नेलँडमधून पसरलेल्या गोवरानंतर कॅलिफोर्नियाने २०१५ साली वैद्यकीय कारण सोडून सगळ्या सुटी काढल्या. ब्रुकलिन आणि रॉकलंडच्या कर्मठ यहुदी वस्त्यांत साथ आल्यावर न्यूयॉर्कने २०१९च्या जूनमध्ये धार्मिक सूट रद्द केली. तेव्हा सुमारे २६ हजार विद्यार्थी त्या सुटीवर होते. मेन आणि कनेक्टिकट यांनीही तेच केले. न्यू जर्सीतही विधेयक आले, पण २०२०च्या जानेवारीत सिनेटमध्ये मते पुरली नाहीत. बाहेर आंदोलक घोषणा देत होते. त्या दिवशी मते पुरली असती, तर भाच्याने मला फोन केला नसता.

आता वारा परत फिरतो आहे, आणि त्यात एक मुस्लिम नाव आहे. मेरीलँडमधल्या महमूद नावाच्या पालकांनी, काही ख्रिश्चन पालकांसह, शाळेतल्या समलैंगिकतेवरच्या गोष्टींच्या पुस्तकांतून मुलांना वगळण्याचा हक्क मागितला. २०२५च्या जूनमध्ये ते सर्वोच्च न्यायालयात जिंकले. आपल्यातल्या अनेकांनी तो विजय साजरा केला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने न्यूयॉर्कच्या अमिश शाळांचा लसीच्या दंडाचा खटला, महमूद निकालाच्या प्रकाशात पुन्हा पाहा, म्हणून खाली पाठवला. गोष्टीच्या पुस्तकासाठी मागितलेले दार गोवरासाठीही उघडते का, हे आता खालचे न्यायालय पाहील. मला पुस्तक आणि विषाणू यांत फरक वाटतो. पुस्तक वाचले नाही, तर शेजारच्या बाकावरचे पोर आजारी पडत नाही. २०२५ सालीच टेक्सासमध्ये मेनोनाइट वस्तीतून सुरू झालेल्या साथीत दोन मुली गेल्या. दोघींनाही लस दिलेली नव्हती.

भाच्याला मी पुन्हा फोन केला. म्हटले, बाबा, सूनबाईला विचार, गुनाहची भीती आहे की दुसरी कसली? तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, तिच्या भावाचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नाही. त्याला टोचल्यानंतरच हे लक्षात आले, असे तिच्या माहेरी म्हणतात. जिलेटिनचे नाव तिने कधी काढले नव्हते. मी म्हटले, मग पत्रात धर्म कशाला, ही भीती डॉक्टरपुढे तशीच्या तशी ठेवा, आणि भावाच्या मुलालाही दाखवा, वेळ घालवू नका.

ते गेले. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास दिला म्हणे. सूनबाईने सगळे विचारले, वेकफिल्डचेही. पहिली सुई त्याच दिवशी झाली, दुसरी महिन्याभराने आहे. संध्याकाळी आपाचा फोन आला. नातीला ताप आला तर काय द्यायचे, एवढेच तिला विचारायचे होते.