परतीचा उंबरठा : फाळणीची कादंबरी आणि कुटुंबाचे मौन

दूर गेलेले माणूस घरी परतले की कथा पूर्ण होते, अशी आपली जुनी समजूत आहे. पण आपल्याच महाकाव्याने या समजुतीला फार पूर्वी छेद दिलेला आहे. राम अयोध्येस परतला तेव्हा त्याचा वनवास संपला, सीतेचा मात्र संपला नाही. ताटातूट, गुपित आणि पुनर्भेट या सूत्रांवर रचलेल्या अलीकडच्या भारतीय कादंबऱ्या वाचताना हा जुना सल पुन्हा जाणवू लागतो. या कादंबऱ्यांतील गुपिते कुटुंबाची असली, तरी ती कुटुंबाने एकट्याने घडवलेली नाहीत. त्यांच्यामागे १९४७ ची फाळणी आहे आणि फाळणीनंतरचा कायदाही आहे.

या कायद्याची हकिकत पुरेशी स्मरणात राहिलेली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या कुटुंबांकडे पोचविण्याचे ठरविले. १९४९ च्या अखेरीस भारतात त्यासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी आपल्या कुटुंबापासून दुरावलेली मुसलमान स्त्री बिगरमुसलमानाच्या घरी आढळली, की ती 'अपहृत' ठरे. तिला ताब्यात घेण्यासाठी वॉरंटाची आवश्यकता नव्हती, आणि 'मी येथेच राहीन' या तिच्या शब्दाला कायद्याच्या दृष्टीने किंमत नव्हती. १९५७ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत दोन्ही देशांत मिळून सुमारे ३०,००० स्त्रिया परत आणल्या गेल्या. कित्येकींची त्यातून खरोखर सुटका झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु कित्येकींची दुसऱ्यांदा ताटातूट झाली, हेही तितकेच खरे. लाहोरात राहून हे काम केलेल्या कमलाबेन पटेल यांचे 'मूळ सोतां उखडेलां' हे गुजराती आत्मकथन या दोन्ही बाजूंची साक्ष देते. पुनर्भेट हा येथे राजाज्ञेचा विषय झाला होता. ज्यांना आपले म्हणणे मांडता आले नाही त्या गप्प राहिल्या, आणि या गप्प राहण्यालाच पुढे घराण्याची अब्रू असे नाव मिळाले.

कादंबरीने या मौनाची दखल लवकर घेतली. अमृता प्रीतम यांची 'पिंजर' ही पंजाबी कादंबरी १९५० ची. तिच्यातील पूरोला पळवून नेले जाते ते फाळणीपूर्वी, घराण्यांच्या जुन्या वैरातून. ती निसटून माहेरी येते, पण आईबाप तिला दारातूनच परत पाठवतात. पुढे फाळणीच्या वेळी परतण्याची वाट मोकळी होते, तेव्हा ती आपल्या भावजयीला सोडवून माहेरच्या माणसांच्या हवाली करते आणि स्वतः मात्र मागे राहते. तिच्या या निर्णयाला पराभव म्हणावे की स्वातंत्र्य, हा प्रश्न अमृता प्रीतम यांनी वाचकावर सोपविला आहे.

ज्योतिर्मयी देवींच्या 'एपार गंगा ओपार गंगा' या बंगाली कादंबरीत दार उघडते, तरीही घर मिळत नाही. १९४६ च्या नोआखालीच्या दंगलीत आईबापांना मुकलेली सुतारा कलकत्त्याला आपल्या भावांकडे येते. तिच्यावर काय गुजरले, हे तिला कोणी विचारत नाही. सर्वांनी ते मनातल्या मनात ठरवून टाकलेले असते आणि त्याप्रमाणे तिला पाण्यापासून, पंक्तीपासून, लग्नकार्यापासून दूर ठेवले जाते. पुढे ही मुलगी दिल्लीत इतिहासाची अध्यापिका होते. जिच्या वाट्याचा इतिहास कोणत्याही ग्रंथात आलेला नाही, तिनेच तो विषय शिकवावा, या योजनेत लेखिकेचे सारे म्हणणे सामावले आहे. 'प्रवासी' या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाली तेव्हा या कादंबरीचे नाव 'इतिहासे स्त्रीपर्व' असे होते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पुढच्या पिढीत गुपिताचे स्वरूप बदलले. सोसणारी माणसे मागे सरली आणि विचारणारी पुढे आली. अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' (१९८८) या इंग्रजी कादंबरीतील निवेदकाला त्रिदीबच्या मृत्यूविषयी लहानपणी खरे सांगितले जात नाही. त्रिदीबची मावशी, म्हणजे निवेदकाची आजी, आपल्या वृद्ध काकांना आणण्यासाठी १९६४ मध्ये ढाक्याला गेली होती. त्या परतीच्या ओढीनेच त्रिदीबचा बळी घेतला. कित्येक वर्षांनी निवेदक जुनी वृत्तपत्रे चाळतो आणि श्रीनगर, ढाका, कलकत्ता येथील घटना एका सूत्रात गुंफल्या जाताना त्याला दिसतात. घरात जे झाकले गेले, ते सार्वजनिक स्मृतीतूनही पुसले गेले होते, हा त्याचा शोध आहे.

गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' (२०१८) या हिंदी कादंबरीने हे सूत्र निराळ्याच दिशेला नेले. २०२२ मध्ये तिच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला, म्हणून तिचे नाव सर्वतोमुखी झाले. पण तिचे महत्त्व त्याहून वेगळे आहे. पतीच्या निधनानंतर घरादाराकडे पाठ फिरवून पडलेली ऐंशी वर्षांची आई अखेर उठते आणि मुलीला घेऊन पाकिस्तानात जाते. तेथे मुलीला कळते, की आपल्या आईचे एक पूर्वायुष्य होते आणि अन्वर नावाचा पहिला पती होता. येथे गुपित कोणी उकरून काढीत नाही. ज्या स्त्रीने ते जपले, तीच आपल्या वेळेनुसार ते उघड करते. १९४९ च्या कायद्याने तिच्या पिढीतील असंख्य स्त्रियांना जे नाकारले, ते म्हणजे कोठे जायचे हे स्वतः ठरविण्याचा अधिकार. ही म्हातारी तो कागदपत्रांवाचून बजावते आणि त्याचे मोल प्राणांनी चुकवते.

त्यानंतरच्या काही इंग्रजी कादंबऱ्यांत हा शोध नातवंडांकडे आला आहे. आंचल मल्होत्रा यांच्या 'द बुक ऑफ एव्हरलास्टिंग थिंग्ज' (२०२२) मध्ये लाहोरात दुरावलेल्या समीर आणि फिरदौस यांच्या प्रेमाचा माग पॅरिसमधील नातीपर्यंत येतो. नातवंडांची ही जिज्ञासा स्वाभाविक आहे, इष्टही आहे. मात्र तिच्यात एक धोका संभवतो. गुपित हे उकलावयाचे कोडे होऊन बसते आणि ते उकलले की ऋण फिटले, असे वाचकाला वाटू लागते. पूरो आणि सुतारा यांच्या कथा इतक्या सहजासहजी मिटत नाहीत. उलगडा झाल्यावरही त्या उंबरठ्यावरच उभ्या असतात.

२०१९ मध्ये कर्तारपूरची वाट उघडल्यानंतर तेथे वृद्ध भावंडांच्या काही भेटी झाल्या. सात दशकांनंतर एकमेकांच्या गळ्यात पडलेली ती माणसे पाहून कोणाचेही डोळे पाणावतील. परंतु ज्यांना भेटीची इच्छाच नव्हती, किंवा इच्छा असूनही जे दार ठोठावू धजले नाहीत, त्यांचे छायाचित्र कोणी घेतलेले नाही. त्यांची नोंद कादंबरीने ठेवली आहे. परतणाऱ्याला दारात काय विचारले गेले, आणि काय विचारले गेले नाही, हे लिहून ठेवणे हे इतिहासाचेच काम आहे. ते अद्याप संपलेले नाही.