प्रतिबिंबरूपी रेणू
अणू तेच, जोडणीही तीच. तरी डाव्या-उजव्या तळहातांसारखे एकमेकांवर तंतोतंत न बसणारे रेणू. नाशिक रोडला हातगाडीवर मिळणाऱ्या द्राक्षाचा आंबटपणा बराचसा टार्टारिक आम्लाचा. निसर्ग द्राक्षात त्याचे एकच, ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवणारे रूप घडवतो. याच आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये हाताने एकेक वेचून वेगळे केले. केवढी ही चिकाटी! शरीरातील प्रथिने डाव्या ॲमिनो आम्लांची असल्याने औषधाची बाजू महत्त्वाची ठरते. क्षयावरील इथॅम्ब्युटॉलचे एकच रूप जंतूंवर प्रभावी. प्रतिबिंब जवळजवळ निरुपयोगी, पण डोळ्यांना दोन्ही बाधक. म्हणून गोळीत प्रभावी रूपच असते. तरीही ती घेताना दृष्टी अंधूक झाल्यास किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईनासा झाल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावे.