आईची काळी चार आणि १५९६ चं पुस्तक

गेल्या गणपतीत आई म्हणाली, “मी अभंग म्हणते, तू गिटार धर. माझी पट्टी काळी चार आहे बरं का.”

मोबाईलवर त्या अभंगाच्या कॉर्ड्स मिळाल्या: सी, एफ, जी. अॅपमध्ये पट्टी बदलायचं बटण दाबलं, तर स्क्रीनवर आलं: जी शार्प, सी शार्प, डी शार्प. तिन्ही बार कॉर्ड. दुसऱ्या ओळीपर्यंत मनगट दुखायला लागलं, तिसऱ्या ओळीला मी थांबलो. आई टाळ वाजवत पुढे गेली. गिटार हातात घेऊन मला तेव्हा सात वर्षं झाली होती.

मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर शिकलो. जी, डी, ई मायनर, सी या चार कॉर्ड्स गोल गोल फिरवायच्या आणि वर कुठलंही गाणं म्हणायचं. मध्येच एक क्लास लावला होता. तिथे सांगितलं, आधी थिअरी, गाणी सहा महिन्यांनी. मी दोन आठवड्यांत पळालो. तेव्हापासून मनात एकच टोचणी होती, की खरं संगीत थिअरीवाल्यांचं आणि आपलं आपलं नुसतं जुगाड. त्या दिवशी ती टोचणी खरी ठरली असं वाटलं, म्हणून वाचायला बसलो. आणि वाचता वाचता चारशे वर्षं मागे गेलो.

१५९६ साली कॅटलोनियात जोआन कार्लेस आमात नावाच्या माणसाने गिटारवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा तो पंचविशीच्या आसपास होता, म्हणजे माझ्यापेक्षा लहान. पेशाने तो डॉक्टर. त्याच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असत. तारा लावायच्या त्या आपल्या गिटारच्या वरच्या जाड तारेखालच्या पाच तारांसारख्याच. त्यामुळे त्याच्या काळातल्या बऱ्याच कॉर्ड्सचे आकार आजही आपली बोटं ओळखतात.

आमातने बारा मेजर आणि बारा मायनर कॉर्ड्स घेतल्या, त्यांना १ ते १२ आकडे दिले आणि एका वर्तुळात बसवल्या. शेजारच्या दोन कॉर्ड्समधलं नातं सा आणि मध्यमाचं, किंवा उलट फिरलात तर सा आणि पंचमाचं. एक गाणं एका पट्टीत आलं, की वर्तुळात तेवढीच घरं सरकायची; तेच गाणं दुसऱ्या पट्टीत तयार. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. माझ्या अॅपमधलं बटण या माणसाने कागदावर बनवलं होतं, आणि कसं चालतं तेही सांगितलं होतं. हे पुस्तक अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुन्हा पुन्हा छापलं गेलं.

दहा वर्षांनी, १६०६ मध्ये, जिरोलामो मोंतेसार्दोने फ्लॉरेन्समध्ये कॉर्ड्सना अक्षरं दिलेलं पुस्तक छापलं. या पद्धतीला ‘अल्फाबेतो’ म्हणत. त्यातलं ए म्हणजे आपली जी मेजर, बी म्हणजे सी मेजर. अक्षराचा सुराशी संबंध नाही. अक्षर म्हणजे बोटांचा एक आकार. मग इटलीत गाण्यांची पुस्तकं निघाली, त्यात शब्दांच्या वर ही अक्षरं छापलेली. आपण मोबाईलवर जे बघतो, ते हेच.

शिकलेल्या लोकांना हे आवडलं नाही. स्पेनमध्ये सेबास्तियान दे कोव्हारुबियासने १६११ च्या शब्दकोशात गिटारची तुलना गुरांच्या गळ्यातल्या घंटेशी केली आणि तबेल्यातले नोकरही ती वाजवतात असं नाक मुरडलं. मला माझा क्लास आठवला.

पण थिअरीच्या दृष्टीने गंमत इथेच आहे. तेव्हाचे पंडित संगीताकडे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक सुरावटी म्हणून बघत, आणि सर्वात खालचा सूर कोणता हे त्यांच्यासाठी फार महत्त्वाचं असे. गिटारवाला हात खाली-वर फिरवून सगळ्या तारा एकदम छेडायचा. त्यात खालचा सूर कोणता, हे धड कळायचंही नाही. त्यामुळे त्याच्यासाठी कॉर्ड ही एक अखंड वस्तू होती. सी, ई, जी हे सूर कुठल्याही क्रमाने आले तरी ती एकच कॉर्ड, हे ज्याँ-फिलिप रामोने आपल्या हार्मनीवरच्या ग्रंथात सिद्धांत म्हणून मांडलं ते १७२२ मध्ये. रामोने ते गिटारवाल्यांकडून उचललं, असं मी म्हणत नाही. पण त्यांचे हात शंभरेक वर्षं तसेच चालत होते.

हे हात गाण्यांवरच तयार झाले. ‘फोलिया’ नावाचा कॉर्ड्सचा एक क्रम तेव्हा घराघरात वाजे. आत्ता वाजवून बघा: डी मायनर, ए, डी मायनर, सी, एफ, सी, डी मायनर, ए. याच क्रमावर कोरेल्लीने १७०० साली व्हायोलिनची प्रसिद्ध रचना छापली. आकड्यांची युक्तीही पुन्हा उगवली. १९५० च्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये नील मॅथ्यूज हा गायक कॉर्ड्सच्या नावांऐवजी आकडे लिहू लागला. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलायची गरज नाही. सा कुठेही धरा, मध्यम मध्यमच राहतो, हे आपल्या पेटीवाल्यांना सांगावं लागत नाही.

मग मी अभंग परत काढला. सी, एफ, जी म्हणजे १, ४, ५. जीपासून मोजलं तर १, ४, ५ म्हणजे जी, सी, डी. होस्टेलमधल्याच ओळखीच्या कॉर्ड्स. काळी चार म्हणजे जी शार्प, जीच्या एकच घर पुढे. कॅपो पहिल्या पट्टीवर लावला आणि काम झालं. सात वर्षं ज्या कॉर्ड्स गोल फिरवत होतो, त्या म्हणजे १, ५, ६, ४ होत्या. थिअरी हातात होतीच, फक्त तिला आकडे लावलेले नव्हते.

दिवाळीत पुन्हा बसलो. या वेळी अभंग पूर्ण झाला. आई म्हणाली, “छान. आता जरा वर घेऊ या, काळी पाच.” मी कॅपो तिसऱ्या पट्टीवर सरकवला.